जळली नाही म्हणजे पुरली का?

बऱ्याच दिवसांत इथं काही लिहिलं नाही. मधल्या काळात नातेवाइकांचे फोन येऊन गेले. "आई-बाबांना बोटीवर नेलं होतंस ना? मग वर्णन कुठाय? फोटो कुठायत?" येईल, वर्णनही येईल. पण त्याआधी मला एका वायरबद्दल लिहायचंय. हो, वायरच. आतलं तांबं पेन्सिलीच्या शिसाहूनही बारीक, वरून लाल-पिवळं प्लास्टिक. गेलं वर्ष-दीड वर्ष ती डोक्यात बसली आहे, आणि दोन-तीन जणांशी तिच्यावरून कडाकडा भांडूनही झालंय. त्यातला एक माझा सख्खा मेव्हणा आहे आणि तो हे वाचणार आहे. :-)

ज्यांना बोटीशी काही देणंघेणं नाही त्यांनीही वाचावं. कारण भांडण वायरशी नाहीच. भांडण आहे ते "चालतंय ना? मग झालं!" या वाक्याशी.

आधी थोडी पार्श्वभूमी. आम्ही मेरीलंडमध्ये राहतो, चेसापीक बे या लांबलचक खाडीच्या काठी. तिथं अ‍ॅनापोलिसजवळच्या एका मरीनात आमची ३२ फुटी, १९८७ सालची शिडाची बोट असते. तिसऱ्या-चौथ्या मालकाची म्हणजे आमची. नवी गाडी घेतली असती तर जास्त पैसे गेले असते, एवढं सांगितलं की नातेवाइकांचे गैरसमज दूर होतील. या बोटीत आधीच्या मालकानं एका कारागिराकडून फ्रीज बसवून घेतला होता. बोटीवरचा फ्रीज म्हणजे कपाट नव्हे. ओट्यातच बसवलेली, जाड फोम लावलेली पेटी, वरून झाकण, आणि बाजूच्या कप्प्यात एक छोटासा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर. जगभरच्या बोटींत बहुतेक डॅनफॉसचा बीडी जातीचा कॉम्प्रेसर असतो (२०१० नंतर हाच सेकॉप नावानं येतो). आमचाही तोच. यंत्र उत्तम आहे. तक्रार यंत्राबद्दल नाही.

जुलै २०२३. आई-बाबा नाशिकहून आले होते. चार दिवसांची सहल ठरली. पहिल्या रात्री सेंट मायकल्सच्या धक्क्यावर, पुढच्या दोन रात्री वाय नदीत नांगर टाकून. आईला इन्सुलिन लागतं. वापरातलं पेन पर्समध्ये आणि न उघडलेली दोन पेनं फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवायची. निघायच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं होतं, "फ्रीज नीट चालतो ना रे? नाहीतर मी थर्मासात बर्फ घालून घेते." मी म्हणालो, "अगं आई, फ्रीज आहे म्हटल्यावर थर्मास कशाला?"

धक्क्यावर फ्रीज छान चालला. तिथं किनाऱ्याची वीज असते, चार्जर बॅटरीला १३-साडेतेरा व्होल्टवर धरून ठेवतो. नांगरावरच्या पहिल्या रात्रीही निभावलं. दुसऱ्या रात्री उकाडा भयंकर. दोन पंखे चालू, मस्तुलावर नांगराचा दिवा चालू. पहाटे बाबा उठले, नळ सोडला, पाण्याचा पंप घुरघुरला. त्यानंतर फ्रीजचा आवाज आलाच नाही असं बाबा सकाळी म्हणाले. (बाबांना रात्री झोप नसते, त्यामुळे घरातल्या सगळ्या यंत्रांच्या नोंदी त्यांच्याकडे असतात.) सात वाजता झाकण उघडलं तर आत १३ अंश. कॉम्प्रेसरच्या डब्यावरचा छोटा दिवा थोड्या थोड्या वेळानं एकदा लुकलुकायचा, थांबायचा, परत एकदा लुकलुकायचा.

आईनं काही म्हटलं नाही. दोन्ही पेनं हातात घेऊन बघत बसली. ते बघत बसणं मला अजून आठवतं. फार्मसिस्टला फोन केला. त्यानं सांगितलं, ही जातीची पेनं आता फ्रीजबाहेर काढली असंच समजा, तारीख लिहून ठेवा आणि २८ दिवसांत वापरून टाका. म्हणजे नुकसान असं झालं नाही. पण फोन लागेपर्यंतचा पाऊण तास मात्र आम्ही चौघंही त्या चिमुकल्या दिव्याकडे बघत बसलो होतो.

त्या एका लुकलुकीचा अर्थ माहितीपत्रकात दिलेला असतो. एकदा लुकलुकला तर 'बॅटरी संरक्षण'. कॉम्प्रेसरच्या इलेक्ट्रॉनिक डब्याला येणारा व्होल्टेज १०.४ च्या खाली गेला की तो स्वतःहून बंद होतो आणि ११.७ च्या वर आला की परत चालू व्हायला बघतो. ही मूळ सेटिंग. बॅटरी पार निचरून मरू नये म्हणून केलेली सोय.

आता इथून पुढे शहाण्या माणसांची रांग सुरू होते.

पहिले शहाणे बोटदुरुस्तीवाले. त्यांनी दिव्याचं ऐकलं आणि सांगितलं, बॅटरी गेली. मी निमूटपणे दोन नव्या बॅटऱ्या घेतल्या, सहाशेच्या वर डॉलर गेले. पुढच्याच शनिवार-रविवारी पहाटे तीच लुकलुक. मग म्हणाले, सौर पॅनल वाढवा. मग म्हणाले, आताशा सगळे लिथियम घेतात. वायरीकडे एकानंही बघितलं नाही. मीच एकदा विचारलं, तर त्यांनी वायर बोटांत धरली आणि म्हणाले, "गरम लागते का? नाही ना? मग वायर ठीक आहे."

दुसरा शहाणा आमचा मेव्हणा. पुण्यात इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टर आहे, शेकडो फ्लॅटचं वायरिंग केलंय, माणूस कामाचा आहे. तो म्हणाला, "दाजी, घरचा डबल डोअर फ्रीज आम्ही अडीच स्क्वेअरवर चालवतो, तोसुद्धा प्लग पॉइंटचा नियम म्हणून. खरं तर दीडवरही आरामात चालेल. तुमचा तर खेळण्यातला फ्रीज! त्याला काय सात-वीसची वायर ओढायची का?"

तिसरा शहाणा मी. मल्टीमीटर घेऊन फ्रीजच्या टोकाला लावला. १२.५ व्होल्ट! बॅटरीवर लावला. १२.५! वायर निर्दोष सुटली.

चौथे काका. ते निफाडकडे वीज मंडळात आयुष्य काढून निवृत्त झालेत. त्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"मीटर लावलास तेव्हा फ्रीज चालू होता का बंद?"

"बंद होता, काका."

"मग काय मोजलंस रे तू? नळ बंद असताना पाइपात प्रेशर सगळीकडे सारखंच असतं. नळ सोड आणि मग शेवटच्या टोकाला बघ."

नळ सोडला. म्हणजे कॉम्प्रेसर चालू असताना मोजलं. बॅटरीवर १२.३, फ्रीजपाशी ११.१. चालू असताना १.२ व्होल्ट वाटेतच गायब. मग काकांनी सांगितल्याप्रमाणे लांब तारेनं दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजल्या. जाणाऱ्या वायरीत ०.७, परत येणाऱ्या वायरीत ०.५. कॉम्प्रेसर थांबला की दोन्ही टोकांना पुन्हा सारखाच आकडा. चोर पोलिसाला बघून सज्जन होतो, तसं.

आता पहाटेचं कोडं सुटतं. पहाटे बॅटरी उतरून, सगळं चालू असताना, ११.९ वर आलेली. फ्रीजला पोचतात १०.७. पॅनलपर्यंतची वायर पंपाला आणि फ्रीजला एकच. बाबांनी नळ सोडला, पंपानं आपला करंट ओढला, त्या सामाईक वायरीत आणखी घट झाली, आणि फ्रीजनं १०.४ ची रेषा ओलांडली. फ्रीज बंद. बंद होताच करंट थांबला, म्हणून टोकाचा व्होल्टेज परत वर. फ्रीजला वाटलं, चला, वीज आली. पुन्हा सुरू. सुरू होताना जास्त ओढ, पुन्हा घट, पुन्हा बंद. बिचारा रात्रभर उंबरठ्यावर ठेचकाळत राहिला. आणि फ्रीज बसवणारा म्हणणार, वायर गरम होत नाही!

माझा मुद्दा इथं आहे, आणि तो मी जरा जोरात मांडणार आहे. वायर निवडताना दोन वेगळे प्रश्न असतात. एक, ही वायर जळेल का? दुसरा, या वायरीतून पलीकडे पुरेसं पोचेल का? पहिल्याचं उत्तर देऊन दुसरा सुटला असं समजणारा माणूस हिशोब अर्धाच करतो, मग तो कितीही अनुभवी असो.

अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल नावाची एक संस्था आहे, १९५४ पासूनची, आमच्या अ‍ॅनापोलिसमध्येच तिचं कार्यालय आहे. बोटींच्या वायरिंगचे अमेरिकेतले दंडक ती लिहिते. तिच्या तक्त्यात १०५ अंशांचं आवरण असलेल्या १६ गेजच्या वायरीला, इंजिनाच्या खोलीबाहेर, २५ अँपिअरपर्यंत परवानगी आहे. (गेजचा आकडा जितका मोठा तितकी वायर बारीक, ही एक गंमतच. १६ गेज म्हणजे साधारण १.३ चौरस मिलिमीटर तांबं.) माझी वायर हीच. फ्रीज ओढतो पाच अँपिअर. पाचपट सुरक्षित! कारागिरानं हाच तक्ता बघितला असणार आणि समाधानानं घरी गेला असणार.

पण गणित करून बघा, शाळेतलंच आहे. ओहमनं १८२७ साली लिहून ठेवलंय. तांब्याचा रोध, एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर जाड तारेला, साधारण ०.०१७५ ओहम. माझ्या फ्रीजची वायर बॅटरीपासून पॅनलमार्गे सहा मीटर. जायची सहा, यायची सहा, एकूण बारा. बारा गुणिले ०.०१७५ भागिले १.३, म्हणजे ०.१६ ओहम. पाच अँपिअरला ०.८ व्होल्ट. उरलेली ०.४ व्होल्टची घट जुन्या जोडण्यांत, फ्यूजच्या घरात आणि स्विचमध्ये. हिशोब लागला.

आता याच वायरीतून तिचे 'मंजूर' २५ अँपिअर सोडा. चार व्होल्ट घट. बारातले चार! वायर जळणार नाही, तक्त्याप्रमाणे सगळं कायदेशीर, आणि पलीकडे आठ व्होल्टवर काहीही चालणार नाही. त्या २५ च्या आकड्याचा अर्थ एवढाच की बोटीला आग लागणार नाही. ते महत्त्वाचंच आहे, त्यावर विनोद नको. पण आग लागली नाही म्हणजे स्वयंपाक झाला असं आपण म्हणतो का?

आता मेव्हणेबुवा. तुझं घरचं गणित घरात बरोबर आहे, पण ते १२ व्होल्टला लावलंस की पार झोपतं. साठ वॉटचं काम घे. २३० व्होल्टवर त्याला पाव अँपिअर लागतो. १२ व्होल्टवर पाच. म्हणजे करंट एकोणीसपट, त्यामुळे त्याच वायरीत घट एकोणीसपट. बरं, घरात एक व्होल्ट गेला तर २३० तला एक गेला, कुणाला पत्ता लागत नाही. बोटीत एक व्होल्ट गेला तर बारातला एक गेला. म्हणजे गमावलेला प्रत्येक व्होल्ट पुन्हा एकोणीसपट महाग. दोन्ही मिळून त्याच वायरीत, त्याच कामासाठी, टक्केवारीतली घट साडेतीनशे पटींहून जास्त! "खेळण्यातला फ्रीज" म्हणालास ना? फ्रीज लहान आहे म्हणून वायर बारीक चालते हा तुझा समज. व्होल्टेज लहान आहे म्हणून वायर जाड लागते ही वस्तुस्थिती. (ताईला हे वाचून दाखव. :-))

नियमाचं काय, असं कुणी विचारेल. नियमात घटीच्या दोन टोपल्या आहेत. जिथं घट सोसवणारच नाही, उदाहरणार्थ दिशादर्शक दिवे किंवा पॅनलला जाणारी मुख्य वायर, तिथं ३ टक्के. आणि केबिनमधल्या दिव्यांसारख्या, थोडं कमी-जास्त चालेल अशा गोष्टींना १० टक्के. फ्रीज कुठल्या टोपलीत टाकायचा हे शेवटी वायर ओढणारा ठरवतो. मी तिन्ही हिशोब करून बघितले. सहा मीटर अंतर, पाच अँपिअर. १० टक्के घट चालवून घेतली तर ०.९ चौरस मिलिमीटर पुरते. ३ टक्के म्हटलं तर २.९. आणि कॉम्प्रेसर बनवणाऱ्यांचा स्वतःचा तक्ता काय सांगतो? १२ व्होल्टवर अडीच चौरस मिलिमीटरची वायर फक्त अडीच मीटरपर्यंत, चारची चार मीटरपर्यंत, सहाची सहा मीटरपर्यंत, दहाची दहा मीटरपर्यंत. म्हणजे मला हवी होती ६. बसवलेली होती १.३. आणि ती सैल टोपलीच्या नियमात बसत होती!

याचाच मला राग आहे. तो कारागीर नियम मोडून गेला असता तर गोष्ट सोपी होती. तो नियमात राहून गेला. दिवा दहा टक्के मंद झाला तर वाचणाऱ्याला कळतही नाही. पण फ्रीज मंद होत नाही, तो एका आकड्याला थेट बंद होतो. दिवा आणि फ्रीज एका टोपलीत टाकणाऱ्यानं फ्रीजमध्ये काय ठेवलंय ते बघितलेलं नसतं.

आता समोरच्या बाजूचे खरे मुद्दे. भांडण करायचं तर तेही मांडले पाहिजेत.

एक, "निम्मी घट जोडण्यांत असते, वायर बदलून काय होणार?" अंशतः खरं आहे. माझ्याच बोटीत १.२ पैकी ०.४ जोडण्यांत होते. खाऱ्या हवेत उघडं तांबं हिरवं पडतं, सैल लग तापतं. म्हणून जोडण्या नव्यानंच कराव्यात, कथिलाचा मुलामा दिलेली बहुतारी वायर घ्यावी, लग नीट दाबून बसवावेत. पण जोडण्या कितीही चकचकीत केल्या तरी उरलेले ०.८ कुठं जात नाहीत. ते तांब्यातच आहेत.

दोन, "लिथियम घ्या, प्रश्नच मिटेल." लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी बराचसा काळ १३ व्होल्टच्या वरच असते, त्यामुळे बारीक वायरीवरही फ्रीज १०.४ ला सहसा पोचणार नाही. हे मान्य. पण ही म्हणजे घरात पाणी चढत नाही म्हणून पाइप न बदलता गच्चीवरची टाकी आणखी एक मजला उंच बांधण्यासारखी गोष्ट झाली. वायरीतलं नुकसान तिथंच राहतं. पाच अँपिअर गुणिले १.२ व्होल्ट, सहा वॉट, साठातले सहा, फ्रीज चालेल तितके तास नुसते वायर कोमट करायला. ज्याच्याकडे हजारो डॉलर आहेत त्यानं लिथियम जरूर घ्यावं. पण आधी वायर.

तीन, "किती जाड? मग काय मनगटाएवढी वायर ओढायची?" नाही. जाड वायर महाग असते, जड असते, वळत नाही. शिवाय फ्रीजच्या डब्यावरची टोकं लहान असतात, आठ गेजची वायर त्यात बसतच नाही, शेवटी वीतभर बारीक शेपूट जोडावं लागतं. हिशोबाला एक सीमा असते, आणि ती सीमा हिशोबानंच कळते. अंदाजानं जाड घेणाराही मला मान्य नाही. माझं म्हणणं एवढंच, की हिशोब पलीकडच्या टोकापासून सुरू करा.

कुणाला उद्या हेच करायचं असेल तर माझी पद्धत सांगून ठेवतो. वायर ज्या वाटेनं जाणार त्या वाटेनं एक दोरी फिरवा आणि ती मोजा. नजरेनं मोजू नका. माझ्या बोटीत बॅटरी ते फ्रीज डोळ्यांना तीन मीटर दिसतं, वायरीची वाट सहा मीटर भरली. मग तुमचा तक्ता एकेरी लांबी मागतो की जाऊन-येऊन, ते वाचा. फ्रीजवाल्यांचा तक्ता एकेरी मागतो, कौन्सिलचा जाऊन-येऊन. इथं अर्ध्या जगाची फसगत होते. फ्रीजचा करंट कडक उन्हाळ्यातला धरा, जाहिरातीतला सरासरी नव्हे. क्षेत्रफळ काढा: ०.०१७५ गुणिले एकूण लांबी गुणिले अँपिअर, भागिले चालवून घ्यायची घट. बारा व्होल्टला घट ०.३६ च्या वर धरू नका. आलेला आकडा किमान समजा, आणि यंत्रवाल्यांचा तक्ता जास्त मागत असेल तर तो ऐका, कारण सुरू होतानाची ओढ आणि उतरलेली बॅटरी त्यांनी जमेस धरलेली असते. फ्रीजची वायर पॅनलमार्गे, पंपाच्या सोबतीनं नेऊ नका. यंत्रवालेही सांगतात, थेट बॅटरीपासून न्या. बॅटरीच्या सात इंचांच्या आत फ्यूज टाका. आमच्या कॉम्प्रेसरला १२ व्होल्टवर १५ अँपिअरचा सांगितलाय. आणि गाडीच्या दुकानातली 'त्याच गेजची' स्वस्त वायर घेऊ नका. मोटारीच्या मापाची वायर त्याच आकड्याला दहा-बारा टक्के बारीक असू शकते, आणि काही तर वरून तांबं, आतून अ‍ॅल्युमिनियम.

मी काय केलं? नवी वाट काढली, पॅनल टाळून, पाच मीटरची. तक्त्यानं सहा चौरस मिलिमीटर सांगितलं, मी एक पायरी वर जाऊन आठ गेज घेतली, म्हणजे आठच्या थोडं वर. वायर, लग, फ्यूज सगळं मिळून सव्वाशे डॉलरच्या आत. त्यात एक शनिवार आणि कोपराचं साल गेलं. मग कॉम्प्रेसर चालू करून मोजलं. बॅटरीवर १२.४, फ्रीजपाशी १२.२५. सहाशे डॉलरच्या बॅटऱ्या ज्यासाठी आणल्या ते काम या तांब्यानं केलं.

काकांना आकडे कळवले. ते म्हणाले, "आमच्याकडे तक्रारी यायच्या ना, त्या कधी ट्रान्सफॉर्मरजवळच्या शेतकऱ्याच्या नसायच्या. शेवटच्या खांबावरच्याच. त्याची मोटर घुमायची, पाणी चढायचं नाही, आणि तशीच रेटली की जळायची. साहेब ट्रान्सफॉर्मरपाशी मीटर लावून बघायचे आणि लिहायचे, व्होल्टेज बरोबर आहे."

मला त्या कारागिराचा चेहरा माहीत नाही, पण तो ट्रान्सफॉर्मरपाशी उभा होता हे नक्की. मीही तिथंच उभा होतो, हातात मीटर धरून, नळ बंद ठेवून. आईला "थर्मास कशाला" म्हणालो तेव्हाही मी तिथूनच बोलत होतो. फ्रीज आहे हे मला माहीत होतं. फ्रीजपर्यंत काय पोचतं हे मी कधी बघितलेलंच नव्हतं. "चालतंय ना?" हा प्रश्न नेहमी अलीकडच्या टोकाला उभं राहून विचारला जातो. पलीकडच्या टोकाला कुणाचं तरी औषध असतं, कुणाचं पीक असतं. त्यांना विचारा.

२०२४ च्या उन्हाळ्यात आई-बाबा पुन्हा आले. पुन्हा वाय नदी, पुन्हा तोच उकाडा. बाबा पहाटे उठले, नळ सोडला, पंप घुरघुरला. सकाळी मी झाकण उघडायच्या आधीच त्यांनी अहवाल दिला, "रात्रभर चालू होता. चार वेळा थांबला, चार वेळा सुरू झाला." आत चार अंश.

आईनं मात्र या खेपेला थर्मास आणला होता. बर्फ घालून. मी काही बोललो नाही. विश्वासाची वायर एकदा बारीक पडली की ती जाड करायला सव्वाशे डॉलर आणि एक शनिवार पुरत नाही.

असो. फोटो पुढच्या खेपेला, नक्की.